वोंद्रांच्या घरचा माणूस

दार ओढून घ्या. तादेआश, त्या शेगडीत अजून एक ओंडका सार आणि मग बस एका जागी. साडेनऊ झालेत. पहाटे पाचला सगळ्यांना बांधावर जायचंय, म्हणून मी लांबण लावणार नाही. तुम्हीही दिवसभर गडावर पर्यटकांच्या बुटांवर फरशी जपायचे लोकरीचे जोडे चढवून थकला असाल.

रोझाली, तू मघाशी स्वयंपाकघरात विचारत होतीस ना, आपला किल्लेदार आज असा का म्हणून? एरवी लोकांना हसवून हसवून बेजार करणारा माणूस, आणि तळ्यातले मासे काढायच्या आदल्या दिवशी तोंडातून शब्द नाही. तिथं कुणीतरी तुला सांगितलं की त्याचं डोकं फिरलंय. फिरलं असतं तर सुटला असता बिचारा. नेमकं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण त्या रात्री बांधावर तो नाही, मी असायला हवा होतो.

चाळीस वर्षं हे तळं राखलं मी. सिरोतेक त्याचं नाव, म्हणजे पोरकं. नाव कुणी ठेवलं कोण जाणे. पण ही गोष्ट माझी नाही, रादिमची आहे.

रादिम कोताला इथला नव्हे. तो ओस्त्रावाचा, कोळशाच्या खाणींच्या गावचा. चौदा वर्षांपूर्वी त्याला येल्मोव गडाचा किल्लेदार म्हणून नेमलं. गडावरच्या त्या राहायच्या खोल्या तुम्ही पाहिल्याच आहेत, जूनमध्येसुद्धा दात वाजतात. म्हणून त्यानं तळ्याकाठच्या उतारावर एक घर विकत घेतलं, वोंद्रांचं घर.

तुम्ही प्रागची पोरं, तुम्हाला आमची रीत ठाऊक नसायची. इथं माणसाला आडनावानं कुणी ओळखत नाही, घराच्या नावानं ओळखतात. घर वोंद्रांचं, तर त्यात राहील तो वोंद्रा. तिथं एक जर्मन कुटुंब राहून गेलं, एक मास्तर राहून गेला, सहकारी शेतीच्या काळात एक ट्रॅक्टरवाला होता. सगळे वोंद्रा. खरा वोंद्रा मेला त्याला किती पिढ्या झाल्या, कुणाला माहीत.

रादिमला पहिली दोन वर्षं सगळे 'अहो किल्लेदार' म्हणायचे. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी गुत्त्यात मात्सेक, तोही घराच्याच नावाचा, ओरडला, "ए वोंद्रा, बियर पितोयस का तिची पूजा करतोयस?" सगळे हसले. रादिमही हसला, आणि मी पाहिलं, त्याचे डोळे भरून आले होते. बाहेरचा माणूस गावचा झाला की त्याला काय वाटतं ते आपल्याला नाही कळायचं. त्या रात्री तो शीळ घालत घरी गेला. आम्ही त्याची थट्टा केली. मी तर सगळ्यात जास्त.

तर हा रादिम गडाच्या जुन्या कागदांत नाक खुपसून बसायचा. त्यात त्याला सापडली वेठीची यादी. सन पंधराशे चारची.

त्याआधी इथं तळं नव्हतं, गाव होतं, खाली दरीत. अकरा घरं. गडाचा मालक तेव्हा बोरेश नावाचा एक सरदार होता. उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही, मासा चालतो. सगळे मठ मासे मागत होते, आणि बोरेशच्या नजरेत ती दरी भरली. त्यानं बांध घातला, पाणी सोडलं, गाव बुडालं. अकरा घरांना वर उतारावर जागा दिली. घरांना नावं जुनीच. आणि वर वेठ लावली, की तळं जेव्हा जेव्हा उतरेल, म्हणजे मासे काढायला पाणी काढून टाकलं जाईल, तेव्हा तेव्हा प्रत्येक घरातून माणूस यावा आणि बांधाचे दगड नीट बसवावेत. माणसाचं गाव बुडवायचं आणि बुडवणारा बांध त्याच्याच हातून राखून घ्यायचा. मालक लोकांना हे बरं सुचतं.

पुढं बोरेशचा वंश बुडाला. गड एका ऑस्ट्रियन सरदाराकडे गेला, त्याच्याकडून दुसऱ्याकडे. जंगल, तळी, दारूभट्टी, सगळी जहागीर हातोहात फिरली. शेवटचा मालक एकोणीसशे पंचेचाळीस साली दोन पिशव्या घेऊन निघाला, तो परत आला नाही. मग सरकार आलं. गडाच्या देवघरात बटाटे साठवले. आता तिकीट लावून तेच देवघर दाखवतात. मालक बदलत गेले. तळं तेच राहिलं, अकरा घरांची नावंही तीच.

रादिम ती यादी दरबारात उभा राहून पर्यटकांना वाचून दाखवायचा. मोठ्यानं, कारभाऱ्याच्या आवाजात. "यीरा. बार्ता. मात्सेक. कुबा..." आणि नवव्या नावाला थांबून छातीवर हात ठेवायचा. "वोंद्रा. म्हणजे आपणच. एक माणूस, पायी, फावडं घेऊन, बांधाच्या डागडुजीला, मालक मोकळं करी तोवर." लोक टाळ्या वाजवायचे. मग तो आणखी सांगायचा की घरधनी स्वतः कधीच जात नसे. घरात धाकटा भाऊ असेल तर त्याला पाठवी, नाहीतर गड्याला. "मलाही एक धाकटा भाऊ आहे," असं म्हणून डोळा मारायचा.

तो भाऊ लुमीर. रादिमपेक्षा बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा लुमीर नऊ वर्षांचा होता आणि बाप त्याआधीच पळालेला. रादिमनं त्याला वाढवलं. त्याच्या शाळेच्या सभांना हा जायचा, त्याला गोवर झाला तेव्हा हा उशाशी बसला. लुमीर मोठा होऊन खाणीत लागला, छातीत खोकला घेऊन बाहेर पडला, आणि मग दर सुट्टीला भावाकडे यायचा. रादिमनं लग्न केलं नाही. जगात त्याचं असं माणूस म्हणजे तो एक लुमीर.

आता ऐका. इथल्या लोकांनी एक गोष्ट कायम पाळलीय. तळं उतरलेलं असताना रात्री बांधावर कुणी कुणाला घराच्या नावानं हाक मारत नाही. बारशाच्या नावानं मारतात. मात्सेकला त्या रात्री आम्ही ओत्ताकार म्हणतो, मला हिनेक. आणि घराच्या नावानं हाक आलीच, तर ओ द्यायची नाही. का ते कुणी सांगत नाही. माझ्या बापानं मला सांगितलं तेव्हा मीही विचारलं नव्हतं. शिडीखालून जात नाहीत ना माणसं, तसंच ते.

रादिमला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दोन हजार सतरा. ऑक्टोबरची वीस तारीख, शुक्रवार. शनिवारी पहाटे मासे काढायचे होते. तळं आठ दिवसांपासून उतरत होतं. पाणी मोरीपाशी, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराशी, डोहात गोळा झालेलं आणि सगळे कार्प मासे त्या डोहात दाटीवाटीनं. अशा रात्री राखण लागते. चोर येतात, पाणमांजरं येतात, मोरी तुंबली तर भलतंच होतं. राखण माझी. आणि दुपारी चारला माझी कंबर धरली. सरळ उभं राहवेना.

मी रादिमला फोन केला. "किल्लेदारसाहेब, एक काम आहे. मोरीची किल्ली घेऊन जा, आणि पहाटेपर्यंत झोपडीत बसा. काही करायचं नाही. तासातासाला पाणी बघायचं."

"काका, तुम्ही पाठ शेकत बसा," तो म्हणाला. "लुमीर आलाय. दोघं जातो. त्याला म्हटलं होतंच, तुला गावची मजा दाखवतो."

सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण शिकलेला माणूस. म्हटलं, हसेल. मी एवढंच म्हणालो, "रात्री थंडी पडेल, रम न्या."

दोघं सातच्या सुमाराला बांधावर पोचले. बांधावरची लाकडी झोपडी तुम्ही पाहिलीय. आत पत्र्याची शेगडी, एक बाक, एक खाट. पाव, डुकराची चरबी, कांदा आणि रम घातलेला चहा. रादिमनं भावाला सगळा इतिहास ऐकवला. लुमीरनं तो निदान दहा वेळा ऐकलेला होता.

"म्हणजे आपल्या घरातून मीच जाणार," लुमीर म्हणाला.

"मग काय मी जाऊ? मी सरकारी नोकर."

"जातो की. पण फावडं तू आण. माझी छाती भरलीय."

असं चाललं होतं दोघांचं. बारा वाजता लुमीर खाटेवर आडवा झाला. ठरलं होतं की तीनपर्यंत रादिम जागेल, मग लुमीर. धुकं उतरलं होतं. एवढं दाट, की बांधावरच्या ओकच्या झाडांचे बुंधेच दिसत होते, वर काही नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटं. त्यानं घड्याळ पाहिलं होतं, कारण पाणी बघायची वेळ झाली होती. तो मोरीवर गेला, वाकून पाहिलं. डोहात मासे वळवळत होते. पलीकडे नुसता गाळ, पार दरीच्या तोंडापर्यंत. त्या गाळात फळ्या टाकल्याशिवाय पाय टाकायचा नसतो. कंबरेपर्यंत जातो माणूस.

तेव्हा त्याला आवाज आला.

मोठा नव्हता. कुणाला घाबरवायचं असेल तर माणूस तसा आवाज काढत नाही. रोजचं काम उरकणारा माणूस बोलतो ना, कंटाळलेला, तसा होता.

"यीरा."

आणि खालून, गाळाच्या बाजूनं, कुणीतरी म्हणालं, "हजर."

"बार्ता."

"हजर."

रादिम हसला. त्यानं मला नंतर सांगितलं, काका, मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीय? मला आनंद झाला. त्याला वाटलं, ही गुत्त्यातली मंडळी. मात्सेक आणि त्याची पोरं. आपण यादी वाचून दाखवतो त्याची नक्कल करतायत, धुक्यात लपून. म्हणजे एवढ्या थंडीत, मध्यरात्री, आपल्यासाठी एवढा खटाटोप केलाय. आपल्याला आपलं मानल्याशिवाय कोण करतं असं?

"मात्सेक."

"हजर."

"कुबा." "वावरा." "पिखा." प्रत्येक नावाला खालून उत्तर. वेगळा आवाज, वेगळी जागा. रादिम कठड्याला टेकून ऐकत होता. क्रम अगदी बरोबर होता. पाठ केलंय लेकांनी, असं तो मनात म्हणाला.

"ब्लाहा."

"हजर."

"मातोश."

"हजर."



"वोंद्रा."

रादिम आणखी पुढं वाकला. म्हटलं, बघू काय करतात.

"वोंद्रा."

खाली शांत. मासेसुद्धा शांत झाले होते, हे त्याला नंतर आठवलं.

"वोंद्रा."

आणि रादिम हसत, छातीवर हात ठेवून, दरबारात म्हणायचा तसा म्हणाला...

"हजर."

कुणी हसलं नाही.

त्याला वाटलं होतं, आता धुक्यातून टाळ्या पडतील, बॅटऱ्या लागतील, कुणीतरी बाटली पुढं करील. काही झालं नाही. तो आवाज फक्त म्हणाला, "एक माणूस. पायी." आणि पुढचं नाव घेतलं. "शीमा." हजर. "हांझा." हजर.

मग संपलं.

"ओत्ताकार?" रादिमनं हाक मारली. "मात्सेक? बास झालं आता, वर या, चहा आहे."

धुक्यातून कुणी वर आलं नाही.

तो झोपडीकडे वळला. दार उघडं होतं. लुमीर खाटेवर बसून बूट चढवत होता. डोळे उघडे. चेहरा नेहमीचाच, कामावर निघालेल्या माणसाचा.

"कुठं निघालास?"

"घरातून एक जण जायचाय ना."

"अरे, थट्टा होती ती. झोप तू."

"तू थोरला," लुमीर म्हणाला. "थोरला कसा जाईल?"

तो उठला. रादिमनं त्याचं मनगट धरलं. मनगट गरम होतं, झोपेतून उठलेल्या माणसाचं असतं तसं. रादिम काही किरकोळ माणूस नाही, तुम्ही पाहताच. त्यानं दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले. लुमीर ओढत नव्हता. नुसता चालत होता. आणि रादिम त्याच्यामागं फरफटत जात होता.

"लुमीर... लुमीर, माझ्याकडं बघ."

"सोड ना. बाकीचे थांबलेत."

बांधाच्या पायऱ्या. एक... दोन... शेवटच्या पायरीवर रादिमचे हात सुटले. कसे, ते त्याला आजही सांगता येत नाही.

लुमीर गाळात उतरला. आणि चालत राहिला... गाळावरून. बूट रुतत नव्हते.

रादिमनं उडी टाकली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला तो कंबरेपर्यंत आत गेला. धडपडला, तसा छातीपर्यंत गेला. समोर पाच हातांवर भावाची पाठ होती... मग धुकं.

"मी बोललो होतो," तो ओरडला. "मी ओ दिली. मला न्या. त्यानं काही नाही केलं. मी बोललो."

...

"अहो, मी बोललो."

...

मग दगडाचा आवाज सुरू झाला. ठक. थोडा वेळ शांत. ठक. बांधाच्या आतल्या अंगाला, त्याच्या डावीकडे, अगदी जवळ. दगडावर दगड बसवल्याचा. कुणी बोलत नव्हतं. फक्त काम चाललं होतं.

आणि त्यात खोकला. तो खोकला रादिम हजारांत ओळखील. रात्र रात्र ऐकलेला होता त्यानं.

तीन तास, पोरांनो. छातीपर्यंत गाळात, हात वर, थंडीनं जीभ जड झालेली, आणि दहा हातांवर भाऊ काम करतोय, खोकतोय. हाक मारली तर ओ नाही. त्याला लाडानं म्हणायचा ती सगळी नावं रादिमनं घेतली. शिव्या दिल्या. रडला. आईची शपथ घातली. पाचच्या सुमाराला लुमीरचा आवाज एकदाच आला. त्याच्यासाठी नव्हता. शेजारच्या कुणाला तरी, अगदी साधेपणानं, तो म्हणाला, "तो मोठा दे."

साडेपाचला आम्ही पोचलो. मी काठी टेकत, पुढं मात्सेक आणि कोळी. मात्सेक रात्रभर स्वतःच्या अंथरुणात होता, त्याची बायको साक्ष आहे. फळ्या टाकल्या, दोर टाकला, रादिमला ओढून काढला. ओठ काळेनिळे. मला बघून तो एकच बोलला.

"काका, मीच बोललो होतो. त्याला सांगा ना, मीच बोललो होतो."

मग पोलीस आले. कुत्री आली. तळं पार तळापर्यंत रिकामं केलं, गाळात काठ्या खुपसून पाहिलं. लुमीर नाही. बांधाचा एक दगड इकडचा तिकडं झालेला नाही. पोलिसांनी रादिमला तीनदा बोलावून विचारलं की भावाशी तुमचं भांडण होतं का. मग ते कागद बंद झाले.

आठवड्यानं मी त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं. बापानं मला काय सांगितलं होतं ते, आणि मी फोनवर काय गिळलं ते. तो स्वयंपाकघरात बसला होता.

"का नाही सांगितलंत, काका?"

"वाटलं, तू हसशील."

"हसलो असतो," तो म्हणाला. "पण ओ दिली नसती."

पाठ दुखत होती म्हणून मी वाचलो असं लोक म्हणतात. मला ते वाचणं आठ वर्षं पुरून उरलंय.

काय म्हणतोस तादेआश? वेठ तर अठराशे अठ्ठेचाळीसला बादशहानं उठवली? हो बाबा. शाळेत आम्हालाही शिकवलं. इथं वर उठवली. खाली कुणी जाऊन सांगितलं?

रादिमनंही हाच विचार केला. यादीत लिहिलंय, मालक मोकळं करी तोवर. मग मालक शोधायचा. शेवटच्या सरदाराची नात ऑस्ट्रियात ग्राझला राहते, ऐंशीच्या पुढची. रादिमनं तिला सगळं लिहिलं, काही न लपवता. म्हातारीनं हातानं उत्तर लिहिलं, भली बाई आहे. लिहिलं की तुमच्या भावासाठी मी मेणबत्ती लावली, पण त्या गडावरचा हक्क आमच्याकडून कधीच काढून घेतला, आणि जे माझं नाही ते मी मोकळं कसं करू? मग तो सरकारी कचेरीत गेला. तिथल्या साहेबानं विचारलं, "कोणाला मोकळं करायचं? तो कर्मचारी आहे का आपला?" नाही म्हटल्यावर अर्ज परत दिला.

तळं एक वर्षाआड उतरतं. दोन हजार एकोणीसला रादिम बांधावर एकटा जाऊन बसला. आम्ही अडवलं, ऐकलं नाही. त्याच वेळेला आवाज आला. यीराचं नाव पुरतं उच्चारायच्या आत रादिम ओरडला की मी या गडाचा किल्लेदार, गड माझ्या ताब्यात आहे, मी सगळ्यांना मोकळं करतो.

आवाज थांबला. मग विचारलं, "कुठल्या घरचा?"

आता काय सांगणार? कोताला म्हटलं तर ते नाव यादीत नाही. वोंद्रा म्हटलं तर तो मालक कसला, वेठीचाच माणूस. तो उभा राहिला... तोंड उघडं... आणि आवाजानं यादी सुरू केली. यीरा. बार्ता. रादिमनं ठरवलं, निदान आपलं नाव आलं की आपण ओ द्यायची, म्हणजे तो सुटेल. आठ नावं झाली. तो श्वास रोखून थांबला.

"वोंद्रा."

आणि त्याच्या ओठातून शब्द निघायच्या आत, खालून...

"हजर."

लुमीरचा आवाज. जराही दमलेला नाही. एकवीस सालीही तेच. रादिम कितीही तयारीत असला तरी खालचा अर्धा क्षण आधी बोलतो. लहान भावांना घाई असते, असं रादिम मला म्हणाला. आणि हसला. ते हसू मला नको होतं.

पण मी तुम्हाला सांगायला बसलो ते हे नाही.

यादीच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे. ती तो पर्यटकांना कधी वाचत नसे, त्यात गंमत नव्हती. वेठीच्या माणसाला रात्रीला एक पाव, तो त्यानं घरी द्यावा. बास, एवढंच.

सतरा साली लुमीर गेला त्या सकाळी, आम्ही रादिमला घरी नेला तेव्हा उंबऱ्यावर पाव होता. काळ्या पिठाचा, गोल. आम्हाला वाटलं, शेजारच्या कुणी ठेवला असेल. अशा वेळी ठेवतात लोक. एकोणिसाला पुन्हा. एकविसाला पुन्हा. तेव्हा आम्ही गावात घरोघर विचारलं. कुणी ठेवला नव्हता. तसा पाव आता या भागात कुठला भट्टीवाला करतही नाही.

तेविसाला रादिम बांधावर गेलाच नाही. घराच्या दाराबाहेर बाकावर बसला, अंगावर घोंगडी, मांडीवर बॅटरी. मी शेजारी खुर्चीत. म्हटलं, या खेपेला तरी मी जागेवर असेन. कॉफीचा थर्मास होता. दोघांनी डोळा लावला नाही, शपथेवर सांगतो. दोन चाळीसला खाली तळ्याकडून काही ऐकू आलं की नाही... मला नाही आलं. रादिमनं मान खाली घातली होती. तीन वाजले. चार. धुकं पायऱ्यांपर्यंत आलं आणि थांबलं. कुणी आलं नाही. गवत हललं नाही. पाच. उजाडायला लागलं.

"नाही आला," रादिम म्हणाला, आणि उठायला म्हणून बाकावर हात टेकला.

हाताखाली पाव होता. आम्हा दोघांच्या मध्ये.

मी उचलून पाहिला. गरम होता. भट्टीतून काढून पाव तास झाला असेल, तसा. खालची बाजू ओली, बोटाला गाळ लागला. आणि एका कडेचा तुकडा तोडलेला. सुरीनं कापलेला नव्हता, हातानं तोडलेला.

रादिमनं तो माझ्या हातातून घेतला. तोडलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिला.

"आई त्याला पाव आणायला पाठवायची," तो म्हणाला. "कधी अख्खा घरी आणला नाही. वाटेत कड तोडून खायचा. रोज मार खायचा आणि रोज खायचा."

तो आत गेला, टेबलाशी बसला, आणि तो पाव खाल्ला. सगळा. मीठसुद्धा लावलं नाही.